कोलमनबाईंचा बार

(दृश्य: लंडन, स्ट्रँड रस्ता, संध्याकाळ. सॅव्हॉय हॉटेलचं प्रवेशद्वार.)

हँकी-पँकी नावाचं एक कॉकटेल आहे. जिन आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) समसमान, त्यात फर्नेट-ब्रांका या कडू दारूचे दोन शिंतोडे, भरपूर बर्फ, आणि शेवटी ग्लासावर पिळलेली संत्र्याची साल. चांगल्या बारमध्ये आजही मागितलं की मिळतं. ते जन्मलं या सॅव्हॉय हॉटेलातल्या ‘अमेरिकन बार’मध्ये, आणि ते घडवणाऱ्या बारटेंडरचं नाव एडा कोलमन. १९०३ पासून दोन दशकांहून अधिक काळ या बारची सूत्रं त्यांच्या हाती होती. बायकांनी दारूच्या काउंटरमागे उभं राहावं का, यावर ज्या देशाच्या संसदेत वाद झडत होते, त्याच देशातल्या सर्वांत नामांकित बारच्या त्या प्रमुख होत्या.

सॅव्हॉय उभं राहिलं ते नाटकाच्या पैशावर. रिचर्ड डॉइली कार्ट हे नाट्यनिर्माते. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीत नाटकांनी त्यांना भरभरून पैसा दिला. त्यातून आधी सॅव्हॉय थिएटर झालं, आणि १८८९ साली त्याला लागूनच हॉटेल. विजेचे दिवे, विजेवर चालणाऱ्या लिफ्ट, व्यवस्थापनाला सेझार रिट्झ, मुदपाकखान्यात एस्कॉफिए. अटलांटिक ओलांडून आगबोटीनं येणारे श्रीमंत अमेरिकन इथं उतरत, आणि येताना आपली सवयही घेऊन येत. दारू एकटी नको, चार गोष्टी मिसळून, बर्फात घोळवून हवी. अशी पेयं देणारा बार तो ‘अमेरिकन बार’. १८९०च्या दशकात सॅव्हॉयनं तो सुरू केला.

(दृश्य: जुन्या लंडनचे कृष्णधवल फोटो. बर्फाच्या लाद्या उतरवणारे हमाल.)

कॉकटेल मोठ्या हॉटेलांतच का बहरलं, याचं उत्तर बऱ्याच अंशी बर्फात आहे. त्या काळात लंडनला नॉर्वेहून जहाजानं नैसर्गिक बर्फ येत असे. तो रोज विकत घेणं, साठवणं, शिवाय इटली-फ्रान्सच्या डझनावारी बाटल्या फळीवर ठेवणं कोपऱ्यावरच्या पबला कुठून परवडणार? हॉटेलला परवडे. आणि हॉटेलात पाहुणे पुन्हा पुन्हा येत. कुणाला काय रुचतं, कोण आज थकलंय, हे काउंटरमागच्या माणसाला कळायला वेळ मिळे. माझ्या मते बर्फाइतकंच हेही महत्त्वाचं.

एडा कोलमन यांचे वडील डॉइली कार्ट कुटुंबाच्या गोल्फ क्लबात नोकरीला होते. ते वारले, आणि कुटुंबानं त्यांच्या मुलीला आपल्याच क्लॅरिजेस हॉटेलात काम दिलं. तिथं वाइनचं खातं सांभाळणाऱ्या सहकाऱ्यानं त्यांना पहिलं कॉकटेल शिकवलं. ते होतं मॅनहॅटन. पुढे काही वर्षांतच त्या सॅव्हॉयच्या प्रमुख बारटेंडर झाल्या. साल १९०३. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इकडे मुंबईत, अपोलो बंदरावर, ताजमहाल हॉटेलचे दरवाजे उघडले.

(दृश्य: फर्नेट-ब्रांकाची बाटली. मोजून पडणारे दोन थेंब.)

हँकी-पँकीची कहाणी कोलमनबाईंनी स्वतः सांगितली आहे, १९२५ साली, ‘द पीपल’ या वर्तमानपत्राला. चार्ल्स हॉट्री हे त्या काळचे नावाजलेले नट आणि नाट्यव्यवस्थापक. स्ट्रँडवर थिएटरांची रांगच, त्यामुळे नटमंडळींची बारमध्ये ये-जा असायची. हॉट्रींना कॉकटेलची उत्तम पारख आहे, असं बाईंचं मत होतं. कामाच्या ओझ्यानं दमलेले हॉट्री बारमध्ये येत आणि म्हणत, ‘कोली, थकलोय गं. जरा जोरदार काहीतरी दे.’ बाईंनी तासन् तास प्रयोग केले. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा ग्लास पुढे ठेवला. हॉट्रींनी एक घोट घेतला, मग ग्लास रिकामा केला आणि उद्गारले, ‘वा! ही खरी हँकी-पँकी!’ त्या काळच्या बोलीत जादू, करामत. तेच नाव चिकटलं.

करामत त्या दोन शिंतोड्यांत होती. फर्नेट-ब्रांका ही मिलानची, १८४५ पासूनची, कोरफड, केशर, रेवाचिनी अशा कित्येक वनस्पतींची दारू. पोटाच्या तक्रारींवर औषध म्हणून ती खपत असे. चव आजीच्या काढ्यासारखी जहाल कडू. थोडी जास्त पडली की जिनही गेली आणि व्हर्मूथही गेलं. दोनच शिंतोडे पडले तर व्हर्मूथचा गोडवा चिकट लागत नाही, आणि घोट गिळल्यावर जिभेवर एक गार कडवटपणा रेंगाळतो. दमलेल्या माणसाला गोड पाजून उपयोग नाही, हे ज्यानं ओळखलं त्यालाच हे सुचणार. पाहुण्याकडे नीट बघण्याचं कौशल्य त्यात आहे.

(दृश्य: मँचेस्टर, १९०८. निवडणुकीच्या सभांचे फोटो.)

आणि नेमकं याच कामातून बायकांना हटवायचा घाट घातला जात होता. १९०८ साली लिबरल सरकारनं मद्यपरवान्यांचं विधेयक आणलं. बारमध्ये बायकांना कामावर ठेवायला मनाई करण्याचा अधिकार त्यातल्या एका कलमानं दंडाधिकाऱ्यांना मिळणार होता. याविरुद्ध स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एव्हा गोर-बूथ आणि एस्थर रोपर या दोघी उभ्या ठाकल्या. त्या वर्षी मँचेस्टरला पोटनिवडणूक होती, लिबरलांचे उमेदवार विन्स्टन चर्चिल. एव्हा यांच्या बहिणीनं, कॉन्स्टन्स मार्कीविच यांनी, चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत शहरभर त्यांच्याविरुद्ध प्रचार केला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, ‘स्वयंपाक येतो का?’ बाईंनी उलट विचारलं, ‘येतो. तुम्हाला चार घोड्यांची गाडी हाकता येते?’ चर्चिल पडले, आणि पुढे ते कलमही बारगळलं. काउंटरमागे राबणाऱ्या हजारो बायकांची रोजीरोटी वाचली.

(दृश्य: सिंगापूर. रॅफल्स हॉटेलचा व्हरांडा.)

साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रॅफल्स हॉटेलात, प्रश्न काउंटरच्या पुढच्या बाजूचा होता. हॉटेल सांगतं त्यानुसार, हायनानहून आलेले बारटेंडर न्याम टोंग बून यांनी १९१५ साली सिंगापूर स्लिंग तयार केली. चारचौघांत बायकांनी दारू पिणं शोभत नसे, म्हणून फळांच्या रसासारखं दिसणारं हे जिनचं गुलाबी कॉकटेल. सिंगापुरात त्याआधीही स्लिंग प्यायली जात होती, पण जगभर गेली ती न्याम यांची.

सॅव्हॉयमध्ये १९२० साली हॅरी क्रॅडॉक आले. जन्मानं इंग्रज, पण हात बसला अमेरिकेत. तिथं दारूबंदी लागू झाली म्हणून मायदेशी परतले. कोलमनबाईंनंतर बारची सूत्रं त्यांच्याकडे गेली, आणि १९३० साली त्यांचं ‘द सॅव्हॉय कॉकटेल बुक’ निघालं. साडेसातशेच्या आसपास पेयं. आजचे बारटेंडरही ते चाळतात. हँकी-पँकी त्यात आहे, कृतीसकट. एडा कोलमन हे नाव त्या कृतीजवळ नाही. मला हे फार लागतं. आज ज्या बारच्या मेन्यूकार्डावर हे कॉकटेल आहे, त्यांनी शेजारी बाईंचं नाव छापावं. एका ओळीची तर जागा लागते.

(दृश्य: दिल्ली, सर्वोच्च न्यायालयाची इमारत.)

इंग्लंडात बारगळलेली ती कल्पना हिंदुस्थानात मात्र कायद्यात उतरली. १९१४च्या पंजाब अबकारी कायद्याच्या ३०व्या कलमानं, लोक जिथं दारू पितात अशा जागी बायकांना, आणि २५ वर्षांखालच्या पुरुषांना, कामावर ठेवायला बंदी घातली. दिल्लीत हा कायदा स्वातंत्र्यानंतरही लागू राहिला. मुंबईत शतभी बसू १९८०च्या दशकात बारमागे उभ्या राहिल्या आणि पुढे बारटेंडिंग शिकवूही लागल्या, पण दिल्लीत हॉटेल मॅनेजमेंट शिकून बाहेर पडलेल्या मुलीला बारचं दार कायद्यानं बंद होतं. डिसेंबर २००७ मध्ये, अनुज गर्ग खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बायकांच्या सुरक्षिततेसाठी त्यांचं कामच काढून घेऊ नका, काम सुरक्षित करा, असा त्या निकालाचा रोख होता.

एडा कोलमन १९६६ साली वारल्या, नव्वदी ओलांडून. सॅव्हॉयच्या अमेरिकन बारला प्रमुखपदी दुसरी स्त्री मिळाली ती २०२१ साली: अमेरिकेहून आलेल्या शॅनन टेबे.