'कारु' म्हणजे मूल

[तांबड्या मातीचा रस्ता, वरून]

ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, नॉर्दर्न टेरिटरी. ही गोष्ट इथे जन्मलेल्या एका भाषेची. २३ ऑगस्ट १९६६ला वेव्ह हिलच्या गुरांच्या फार्मवर राबणारे गुरिंजी या आदिवासी समाजाचे सुमारे २०० जण, बायकापोरांसकट, काम टाकून याच मुलखातून चालत निघाले. सगळ्यांच्या पुढे त्यांचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी. जमिनीचा पट्टा ब्रिटनच्या वेस्टी घराण्याकडे. सुरुवातीला भांडण मजुरीचं दिसलं. हवी होती जमीन.

[फोटो]

१६ ऑगस्ट १९७५. पंतप्रधान गॉफ व्हिटलम लिंगियारींच्या तळहातावर माती ओततायत. छायाचित्र मर्विन बिशप यांचं. प्रसंग सावलीत झाला होता, फोटोसाठी उन्हात पुन्हा करवून घेतला! भाडेपट्ट्याने का होईना, जमीन परत आली.

[टेप फिरते आहे]

त्याच दशकात भाषाशास्त्रज्ञ पॅट्रिक मॅककॉन्व्हेल यांनी इथल्या गुराख्यांचं बोलणं टेप केलं. जनावर कापता कापता गप्पा चाललेल्या, अर्धं वाक्य गुरिंजीत, अर्धं क्रिओलमध्ये. क्रिओल मुळात कामापुरती जुळलेली बोली, एकमेकांची भाषा न येणाऱ्यांची. शब्द बरेचसे इंग्रजी. पुढे ती पोरांची मातृभाषा झाली. आपल्या रायगडातल्या कोर्लईची पोर्तुगीज बोली याच कुळातली.

पण या गुराख्यांना दोन्ही भाषा येत होत्या. तरी मिसळायचे. पुण्यात कुणी 'मी ट्राय करते' म्हणतं, तसंच. उद्या तीच बाई 'प्रयत्न करते' म्हणेल, तिची मर्जी.

[अंगणात मुलं]

मग पोरं झाली. त्यांच्या कानावर पडली ती ही सरमिसळच, आणि त्यांनी ती पक्की केली. आता मर्जी चालेना. क्रियापदाचा काळ क्रिओलचा, भूतकाळाला 'बिन'. नामाची विभक्ती गुरिंजीची. 'कारु' म्हणजे मूल, 'कारुङ्कु' म्हणजे मुलाने. आपल्या 'ने'चा हा दूरदेशीचा जोडीदार. इंग्रजी शब्दांच्या लोंढ्यातही टिकला. मराठीने 'टेबल' उसनं घेतलं, पण 'टेबलावर' म्हणताना प्रत्यय आपलाच लावला. तिथे फक्त शब्द पाहुणा होता. इथे व्याकरणाचं घरच दोघींनी वाटून घेतलंय, स्वयंपाकघर एकीचं, ओसरी दुसरीची. हिला धेडगुजरी म्हणणाऱ्यांनी आधी तिचे प्रत्यय चुकवून बघावेत.

अभ्यासक हिला मिश्रभाषा म्हणतात. नाव गुरिंजी क्रिओल. जुनी गुरिंजी आता म्हाताऱ्याकोताऱ्यांकडेच उरलीय.

[गुरिंजींचं गाव कलकारिंजी, संध्याकाळ]

पोरं अजून बाहेरच आहेत. कुणीतरी हाका मारतंय. ऐका, 'कारु' तेवढं तुम्हालाही कळेल.