पुलरला नवस, ट्रेलरला उपास

(कळंबोलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'ट्रेलर विकत घ्यावा की लीजवर'. त्यावर येतोच. पण कळंबोलीत माइक हातात आल्यावर आधी मनातली मळमळ निघणारच. समोर निम्मे ट्रेलरमालक, निम्मे 'दारात ट्रेलर उभे करतात' म्हणून तक्रार करणारे. दोघांनीही आमचा चहा घेतलाय, आता ऐकून घ्या.

माझं म्हणणं एवढंच की आपण पुलर, म्हणजे पुढचं इंजिन-केबिनचं डोकं, सांभाळतो; त्याने मागे ओढलेला ट्रेलर सांभाळत नाही. दसऱ्याला हार पुलरला, लिंबू-मिरची पुलरला, ऑइल बदलायची तारीख तोंडपाठ तीही पुलरचीच. मागच्या चाळीस फुटांना इंजिन नाही, म्हणून त्याला जीवच नाही असा आपला समज. बैलाला पेंड चारून गाडीच्या आसाला वंगण न लावणारा गावात वेडा ठरला असता; इथे तो 'फ्लीट ओनर' म्हणून कार्ड छापतो. (हसू नका, पुढच्या रांगेत दोघं बसलेत.)

आमच्या ओळखीच्या एका मालकाची गोष्ट सांगतो. पुलर स्वतःचा, ट्रेलर एका कंपनीकडून भाड्याने घेतलेला. न्हावाशेवाहून कंटेनर भरून निघालं की ड्रायव्हर म्हणायचा, "शेठ, ब्रेक मारला की मागून ढुशी बसते." शेठ म्हणाले, तू ब्रेकच जोरात मारतोस. मग क्लच उघडला, इंजिनचे रबर बदलले, केबिनचे बुश बदलले. ट्रेलरखाली कुणी वाकलंच नाही. शेवटी मला बोलावलं. ट्रेलर सोडवला, किंगपिनवरचं, म्हणजे ट्रेलरला पुलरशी जोडणाऱ्या खालच्या खुंटीवरचं, काळं ग्रीस फडक्याने पुसलं आणि व्हर्नियर हे मापाचं हत्यार लावलं. दोन इंची पिन, म्हणजे नवी असताना ५०.८ मिलिमीटर. ४९ च्या खाली गेली की बदलायची. इथे काटा ४८ च्या आसपास. पिन अशी झिजली की फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे पुलरच्या पाठीवरच्या तिला पकडणाऱ्या तबकडीच्या, जबड्यात खेळते. ढुशी तिथूनच येत होती.

खरा तमाशा पुढे झाला. ट्रेलर परत करताना कंपनीने पिनचं बिल लावलं, 'गैरवापर' म्हणून. शेठ म्हणाले, पिन तुमच्याकडूनच झिजून आली. कंपनीने ताबा घेतानाचा कागद पुढे केला. त्यावर 'सुस्थितीत मिळाला' आणि खाली शेठची लफ्फेदार सही! पिनचं माप कुणीच लिहिलेलं नाही. भरले पैसे.

त्यात २०१८ साली ट्रेलरच्या तीन एक्सलच्या सेटचं परवानगीचं वजन २४ टनांवरून २७ वर गेलं. वजन वाढलं, ग्रीसचा डबा मात्र तेवढाच.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, लीज. भराभर सांगतो, लिहून घ्या.

गाडी तीन-चार वर्षं ठरलेल्या कामाला लावायची असेल आणि भांडवल अडकवायचं नसेल तर लीज बरी. दहा वर्षं तीच ओढायची असेल तर कर्ज काढून घ्या. लीजची नोंद आरसी बुकावर होते, त्यामुळे लीज देणाऱ्या कंपनीच्या संमतीशिवाय ती गाडी विकता येत नाही. ट्रेलरचा नंबर वेगळा. फिटनेस आणि विमाही वेगळा तपासा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, मग दरवर्षी. 'मेंटेनन्ससहित' म्हणाले तर टायर आणि ब्रेक लायनर त्यात धरलेत का, ते कागदावर घ्या. तोंडी काही नको.

ताबा घेताना पिनचं माप, प्रत्येक टायरचा नंबर आणि नक्षीची खोली लिहा. कायद्याने १.६ मिलिमीटर तरी हवी, पण तिथवर थांबू नका. फोटोत तारीख दिसू द्या. परत देतानाही हाच कागद भरायचा.

रोजचं काम ड्रायव्हरचं. हवेच्या टाकीतलं पाणी सोडणं, ट्रेलरच्या ब्रेकला हवा नेणाऱ्या लाल आणि पिवळ्या पाइपाचे जोड पाहणं. लाल पाइप सुटला की ट्रेलरचे ब्रेक जागीच आवळतात, मग करळ फाट्यावर सगळ्यांच्या शिव्या खा. जोडल्यावर ट्रेलरचे पाय, म्हणजे सुटा ट्रेलर ज्यांवर उभा राहतो ते टेकू, उचलण्याआधी ट्रेलरचा ब्रेक धरून पुलर हलकेच पुढे ओढून बघायचा. आणि खाली वाकून, टॉर्च मारून जबडा पिनला पूर्ण मिटलाय ना ते बघायचं. नुसता 'खट्' आवाज ऐकून पाय उचलायचे नाहीत.

जीएसटीचं राहिलं. ते तुमच्या सीएला विचारा, त्यांनाही काहीतरी काम हवं.