मामांची येझदी आणि पासिंग

श्रोतेहो, नमस्कार. पोळा तोंडावर आलाय, घरोघरी बैलांच्या साजाची आवराआवर चालू असेल. आज मात्र बोलू गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या गाडीबद्दल. राजदूत असेल, येझदी असेल, नाही तर डाव्या पायात ब्रेक असलेली जुनी बुलेट. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी तिचं पासिंग करावं लागतं, म्हणजे आरटीओत गाडी तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. जुनी गाडी इंजिनापायी क्वचितच नापास होते. अडते ती बारक्या गोष्टींवर.

माझ्या मामांचं गाव आर्णीकडे. त्यांची येझदी १९८४ची, कापसाच्या चुकाऱ्यातून घेतलेली. २०१४ साली तिच्या पासिंगला मी सोबत गेलो होतो. निरीक्षक तरुण होते. म्हणाले, "गाडी सुरू करून दाखवा." आणि स्वतःच वाकून किक शोधू लागले. उजवीकडे नाही, डावीकडे फक्त गिअरचा दांडा.

मामा म्हणाले, "साहेब, हाच गिअर अन् हाच किक. आत दाबा, वर फिरवा, मंग हाना लात."

साहेबांनी खरंच मारली. दुसऱ्या लातेला गाडी लागली. ती दोन सायलेन्सरांची धडधड ऐकून रांगेतली माणसं कागद हातात घेऊन भोवती जमली. साहेब हसले, ब्रेक पाहिला, हॉर्न वाजवला, हँडल हलवून कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, पाहिला. सगळं ठीक. मग हँडलच्या मानेवर कोरलेला चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर, पाहायला वाकले, आणि नंबरच नाही!

मामा दर दिवाळीला गाडीला हातानं ऑइल पेंट मारायचे. काळ्यावर काळा, थरावर थर. त्या मायेखाली नंबर बुजून गेला होता. मामा खिशातून नाणं काढून खरडायला निघाले, तसा साहेबांनी हात धरला. "काका, खरडू नका. आकडा खराब झाला तर नंबर खोडला असा संशय येतो. थिनर लावा, फडक्यानं पुसा, उद्या या."

रात्री अंगणात कंदिलाजवळ बसून आम्ही थर उतरवले. एकेक आकडा वर येत होता. शेवटचा आठ दिसला तेव्हा मामी म्हणाल्या, "लेकराचं तोंड धुतल्यावानी दिसते." दुसऱ्या दिवशी कागदावर पेन्सिल घासून छाप घेतला, पासिंग झालं.

म्हणून सांगतो, आधी नंबर पाहा. पुन्हा सांगतो, नंबर. मग हॉर्न आणि मागचा ब्रेकचा दिवा. सहा व्होल्टची बॅटरी उतरली की दोन्ही मरगळतात. धूर काढणाऱ्या गाड्यांचं सायलेन्सर उघडून कार्बन काढा, पेट्रोलमध्ये मिसळायचं टूटी ऑइल अंदाजानं ओतू नका, मोजून घाला. ३१ मार्च २०००पर्यंतच्या दुचाकीला पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो. निगा राखलेली येझदी त्यात बसते.

आणि पोरांनो, मूळ सायलेन्सर काढून फटफट आवाजाचं बसवू नका. गावात आजारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात. सायलेन्सर बदलून रुबाब येतो, हे मला आजवर पटलेलं नाही.

सरकार पाच वर्षांनी पाहतं, आपण दरवर्षी पाहावं. मामा पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपानं बैलांचे खांदे शेकतात आणि लगेच गाडीकडे वळतात. चेन, ब्रेकचा रॉड, टायरच्या भेगा, सगळं हातानं चाचपून पाहतात.

मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो पंचवीस नंबरचा फॉर्म. वीस वर्षांवरच्या दुचाकीला २०२५पासून नूतनीकरणाचे दोन हजार रुपये लागतात, तेवढे बाजूला ठेवा. मामांच्या येझदीची पुढची तारीख २०२९ची आहे. नंबरावर आता पेंट नाही, ग्रीसचा पातळ हात असतो.