पकड कोण मोजणार?

(दृश्य: ए-६३ महामार्ग. मागे हंबर पूल, शहराकडे धावणारी वाहनं. रस्त्याच्या नावाची पाटी जवळून.)

पश्चिमेकडून इंग्लंडमधल्या हल शहरात यायचं तर हाच रस्ता. पाटी वाचा : क्लाइव्ह सलिव्हन वे. गावात शिरणाऱ्या मुख्य रस्त्याला इथल्या लोकांनी रग्बी लीगच्या एका विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूचं, नाव दिलंय.

सलिव्हन मूळचा वेल्समधल्या कार्डिफचा. लहानपणी पायांवर, गुडघ्यांवर, खांद्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या की हा मुलगा धड चालेल का, अशी शंका होती. पुढे तो सैन्यात गेला. डिसेंबर १९६१ मध्ये हल एफसी या इथल्या क्लबने त्याला चाचणीसाठी उतरवलं तेव्हा संघाच्या यादीत त्याचं खरं नावही नव्हतं. त्या सामन्यात त्याने तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्याच्या रेषेपलीकडे टेकवला. हलसाठी त्याचे एकूण ट्राय झाले २५०, आणि क्लबचा तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या लियोंला ग्रेट ब्रिटनने विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार तोच. ब्रिटनच्या कुठल्याही खेळातल्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार.

मग हल एफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, कोण बसावं, या प्रश्नावर याच्या नावापाशी तरी भांडण व्हायला नको. पण होतं.

(दृश्य: हल नदीवरचा पूल. पश्चिमेला काळ्या-पांढऱ्या जर्सीतली पोरं, पूर्वेला लाल-पांढऱ्या.)

कारण ही नदी. अलीकडे हल एफसी, पलीकडे हल किंग्स्टन रोव्हर्स. १९७४ मध्ये सलिव्हन पलीकडे गेला आणि तिथेही ११८ ट्राय केले. १९८० मध्ये हे दोन्ही क्लब लंडनच्या वेम्बलीवर चॅलेंज कप या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भिडले. सगळं गाव लंडनला निघालं. ‘शेवटी जो निघेल त्याने दिवे मालवावेत’ अशी पाटी कुणीतरी गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर लावली होती, ही गोष्ट इथे लहान पोरालाही पाठ आहे. रोव्हर्स १०–५ ने जिंकले. सलिव्हन त्या दिवशी रोव्हर्सकडून खेळला.

जुने लोक इथे थांबत नाहीत, बरं का. १९८२ च्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर हल आणि विडनेस यांची १४–१४ अशी बरोबरी झाली. लीड्सच्या एलंड रोडवर सामना पुन्हा झाला. त्यात हलने १८–९ असा विजय मिळवला, आणि एकोणचाळीस वर्षांचा सलिव्हन काळ्या-पांढऱ्या जर्सीत मैदानावर होता. कुणी म्हणतं, हिशेब फिटला. कुणी म्हणतं, फिटायला मुळात थकलाच कुठे होता? तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, कर्करोगाने तो गेला.

(दृश्य: एमकेएम स्टेडियमबाहेरचं जॅक हॅरिसन यांचं स्मारक. दगडावर कोरलेली अक्षरं.)

दुसरं भांडण वर्षांचं.

जॅक हॅरिसन शिक्षक होते. हलसाठी ११६ सामने, १०६ ट्राय. १९१३-१४ च्या एका हंगामात ५२ ट्राय, आणि शंभराहून अधिक वर्षांत या क्लबच्या दुसऱ्या कुणालाही तो आकडा गाठता आलेला नाही. त्याच हंगामात हलने पहिल्यांदा चॅलेंज कप जिंकला. अंतिम सामन्यात वेकफिल्डविरुद्ध हलचे दोनच ट्राय झाले, त्यातला एक हॅरिसन यांचा. मग युद्ध. ३ मे १९१७ रोजी फ्रान्समध्ये ऑपीच्या रानाजवळ आपली तुकडी मशीनगनच्या माऱ्यात अडकलेली पाहून हॅरिसन पिस्तूल आणि हातबाँब घेऊन एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. देह सापडला नाही.

इंग्लंडमध्ये रग्बी लीगचा राष्ट्रीय हॉल ऑफ फेम १९८८ मध्ये सुरू झाला, तेव्हा नियम होता की खेळाडूने ब्रिटनमध्ये किमान दहा वर्षं खेळलेलं असावं आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेली असावीत. पहिल्या नऊ जणांत हलचा बिली बॅटन होता. १९१३ मध्ये हलने त्याला हन्सलेटकडून ६०० पौंड मोजून आणलं, त्या काळचा तो जागतिक विक्रम. पकडायला आलेल्याच्या अंगावरून तो चक्क उडी मारून जायचा. बॅटन नियमात बसतो. त्याच संघातले हॅरिसन बसत नाहीत, कारण दहा वर्षं भरण्याआधीच ते युद्धात गेले. क्लबने आपल्या दारात राष्ट्रीय फूटपट्टी लावावी का? आमचं मत विचाराल तर लावू नये. स्मारक दारातच उभं आहे.

(दृश्य: एअरली स्ट्रीट. जुन्या बुलेवर्ड मैदानाच्या जागी आता शाळा. शेजारच्या विटांच्या घरांची रांग.)

आता आमच्या मुद्द्यावर येऊ.

आतापर्यंतची तिन्ही नावं ट्राय करणाऱ्यांची किंवा उड्या मारणाऱ्यांची. रग्बी लीग तेरा-तेरा जणांचा खेळ. चेंडू घेऊन समोरच्याच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय. आजच्या नियमात सहा वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याकडे. म्हणजे ऐंशी मिनिटांतला बराचसा वेळ जातो माणूस पाडण्यात. कबड्डी पाहणाऱ्याला हे समजावायला नको. गाजतो चढाईपटू, सामना वाचवतो कोपरारक्षक.

या मैदानात थ्रीपेनी स्टँड होता. हेसल रोडवरचे मासेमारी जहाजांचे खलाशी, गोदीतले कामगार तिथे उभे राहायचे आणि टॅकल, म्हणजे पकड, चुकवणाऱ्याचा उद्धार करायचे, स्वतःच्या संघातल्यासुद्धा. त्यांच्या डोळ्यांना पकडी दिसत होत्या. पण जुन्या नोंदवहीत ट्राय आणि गोल असे दोनच रकाने. पकडीला रकानाच नाही. त्यामुळे आज वाद घालायला बसलं की विंगरवाला आकडा फेकतो आणि फॉरवर्डवाला, म्हणजे पुढच्या फळीतल्या धटिंगणांच्या बाजूचा, नुसत्या आठवणी सांगतो.

टॉमी हॅरिस घ्या. हूकर, म्हणजे स्क्रमच्या, दोन्ही संघ खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात त्या घोळक्याच्या, ऐन मधोमध. १९६० च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हलचा वेकफिल्डने ३८–५ असा धुव्वा उडवला. आणि सामन्याच्या सर्वोत्तम खेळाडूची लान्स टॉड ट्रॉफी मिळाली हरलेल्या संघातल्या हॅरिसला. तेहेतीस गुणांनी हरलेल्या संघातला माणूस पत्रकारांनी निवडला, तेव्हा मैदानात त्यांनी काहीतरी पाहिलं असेलच ना!

(दृश्य: वेम्बली, २७ ऑगस्ट २०१६. शेवटची मिनिटं. आधी पूर्ण वेगात, मग सावकाश.)

आणि हे पाहा. चॅलेंज कपचा अंतिम सामना, हल एफसी विरुद्ध वॉरिंग्टन. तोवर वेम्बलीवर हल कधीच जिंकलेली नव्हती. नदीपलीकडचे लोक त्यावर गाणी म्हणायचे. या सामन्यातही हल ०–१० ने मागे होती. महे फोनुआ आणि जेमी शॉल यांचे ट्राय, दोन्हींनंतर जादा गुणांसाठी मार्क स्नीडने लाथेने केलेले गोल, आणि फलक १२–१०. आता दोनेक मिनिटं उरलीत. वॉरिंग्टनचा बेन करी चेंडू घेऊन रेषेपलीकडे पोचलाय. फक्त टेकवायचाय.

पुन्हा पाहा. करीवर नका बघू, चेंडूवर बघा. डॅनी हॉटन, हाही हूकरच, करीला बिलगतो आणि त्याच्या हातातून चेंडू सोडवतो. चेंडू जमिनीला लागण्याआधी करीचा राहिलेला नाही. पंचांचा निर्णय : ट्राय नाही.

हलने कप जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला.

हॉटनला त्या वर्षी मॅन ऑफ स्टील, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. सगळी कारकीर्द त्याने एकाच क्लबमध्ये काढली. ट्रायची संख्या सांगायला गेलात तर सलिव्हनच्या शेजारी ती दिसणारही नाही.

(दृश्य: सामन्याआधी स्टेडियमबाहेर चाहत्यांचा घोळका. हातवारे, हसणं.)

नदीपलीकडे तर २०२५ मध्ये रोव्हर्सने एकाच वर्षी तिन्ही मोठे मान पटकावले, चाळीस वर्षांचा दुष्काळ संपवून. तिथे आता कुणाला घ्यायचं यापेक्षा कुणाला वगळायचं, याची पंचाईत.

इकडे मात्र घोळका अजून हॉटनपाशीच. तरुणांना तो आजच हवाय. म्हातारे म्हणतात, आधी टॉमी हॅरिस, मग रांगेने. मध्येच कुणीतरी ‘दोनशे पन्नास’ असं ओरडतं आणि विंगरांची बाजू पुन्हा जड होते. हॉटन २०२४ च्या हंगामानंतर थांबला. राष्ट्रीय यादीचा तो पाच वर्षांचा नियम क्लबनेही लावला, तर २०२९ पर्यंत त्याचं नाव चर्चेलासुद्धा घेता येणार नाही.