टुबावाल्याची संध्याकाळ

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

पुरणपोळी जेवून झाल्यावर सिम्फनी ऑर्केस्ट्रावरचं भाषण ऐकायचं म्हणजे तुमच्या सहनशक्तीची परीक्षाच आहे, याची मला कल्पना आहे. अध्यक्षबाईंनी ओळख करून देताना मला 'संगीत क्षेत्रातल्या' असं म्हटलं. तसं काही नाही हो. मला एकही वाद्य येत नाही. मुलगी चेलो शिकत होती, तिला तालमीला सोडून मी बाहेर गाडीत बसून राहायची. अशा रिकाम्या बसलेल्या आईबापांना या संस्था बरोबर हेरतात. आधी मला दारात तिकिटं फाडायला उभं केलं. मग मी अकाउंट्समधली आहे हे कळलं, तर खजिनदार केलं. आता कार्यकारिणीची अध्यक्ष आहे. मुलगी केव्हाच कॉलेजला गेली, आई अडकली ती अडकलीच.

आमचा ऑर्केस्ट्रा हौशी लोकांचा आहे. त्यात दंतवैद्य आहेत, शाळेतल्या बाई आहेत, एक गॅरेजचा मालक आहे, निवृत्त पोस्टमन आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ तालीम, वर्षाकाठी मोजक्या मैफली. पगार मिळतो तो संगीत संचालकाला, म्हणजे हातात काठी घेऊन समोर उभं राहणाऱ्याला, आणि तोही असा की त्यावर कुणाचं घर चालायचं नाही. बाकी सगळे दिवसभर आपापलं काम करून, पोटात सँडविच ढकलून येतात.

याचं नेतृत्व कोण करतं, असं कुणालाही विचारा, उत्तर येईल 'काठीवाला'. ती काठी तशी उशिराची. आज दिसते ती लहानशी, हलकी काठी रुळली एकोणिसाव्या शतकात. त्याआधी कुठे पहिला व्हायोलिनवादक, तर कुठे हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूस बाकीच्यांना सांभाळून न्यायचा. फ्रान्सच्या राजदरबारातला संगीतकार लुली जड दंडा जमिनीवर आपटून ताल द्यायचा. एकदा तो स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि १६८७ मध्ये त्यातच तो गेला. आमच्या संचालकांना मी हा किस्सा मानधन ठरवायच्या बैठकीआधी हटकून सांगते.

काठीवाला येण्याआधीच बरंचसं नेतृत्व होऊन गेलेलं असतं. तालमीला सगळे बसले की पहिली व्हायोलिनवादक उभी राहते. ओबोवाला, म्हणजे सनईसारखं फुंकीचं वाद्य वाजवणारा, एक लांब सूर धरतो, ४४० हर्ट्झचा, आणि आधी फुंकीची वाद्यं, मग तंतुवाद्यं त्याला आपला सूर जुळवतात. त्यावर कुणी वाद घालत नाही. आमच्या गावी, आरमोरी तालुक्यात, मिरवणुकीआधी डफडेवाले तणसाचा जाळ करायचे. डफडं त्यावर धरून गोल फिरवत शेकायचं, मधेच बोटाने टिचकी मारून पाहायची. बद्द आवाज आला तर पुन्हा जाळावर. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा ऐकून नुसती मान हलवायचा, आणि त्याची मान हलल्याशिवाय मिरवणूक जागची हलत नसे. पाटीलसुद्धा फेटा बांधून थांबलेले असायचे.

मग ग्रंथपाल. ऑर्केस्ट्रात ग्रंथपाल असतो हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्यापुरतीच पानं असतात. ती मिळवायची, मोजायची, वाटायची, परत गोळा करायची. जुन्या रचनांवर कुणाचा हक्क राहिलेला नाही, त्या इंटरनेटवर फुकट मिळतात. नव्या रचनांची पानं प्रकाशकाकडून भाड्याने आणावी लागतात. त्यावर खुणा करायच्या त्या पेन्सिलीनेच, आणि परत धाडताना पुसून. खुणा म्हणजे काय, तर व्हायोलिनचा गज कुठे खाली ओढायचा आणि कुठे वर न्यायचा. पहिली व्हायोलिनवादक ते ठरवते, ग्रंथपाल प्रत्येक पानावर उतरवतो. एकाचा गज वर आणि शेजारच्याचा खाली झाला, तर प्रेक्षकांना ते पहिल्या मिनिटात दिसतं, आणि आवाजातही फरक पडतो तो वेगळाच. ही पानं पहिल्या तालमीआधी हातात पडली नाहीत, तर ती अख्खी तालीम खुणा करण्यातच जाते. काठीवाला कितीही मोठा असो, त्या दिवशी तो समोर नुसता उभा असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हौशी संस्थेत हुकूम चालत नाही. पगारी माणसाला तुम्ही दोन तास नुसतं बसवून ठेवू शकता, तो तोंडातल्या तोंडात बोलेल पण बसेल. फुकट येणारा माणूस दोनदा बसेल, तिसऱ्यांदा त्याला 'जरा सर्दी झालीय' असं होईल. त्याने तुम्हाला दिलेली असते एक संध्याकाळ. ती वाया न घालवणं, हाच तिथला निम्म्याहून जास्त कारभार आहे.

हे मी इथल्या बोर्डाच्या कार्यशाळांतून शिकले नाही. कार्यशाळेत 'व्हिजन' शिकवतात. मी हे पाहिलं झाडीपट्टीत.

तुमच्यातले जे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे आहेत, त्यांना सांगायला नको. पुण्यामुंबईकडच्यांसाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते, दंडार हे लोकनाट्य होतं, नाटकं लागतात, ती पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचं गाव. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. जेवणं उरकून लोक येतात आणि पहाटेपर्यंत बसतात. पुढ्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. त्या रात्री गावात एकही घर पाहुण्यांवाचून नसतं, लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मी इथे ऑफिसात पेढे वाटले. कुणाला काही कळलं नाही, पण पेढे संपले.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कंपनीचं नाटक एक आणि गावच्या पोरांचं एक असायचं. गावच्या नाटकात नटी तेवढी बाहेरून यायची, बाकी सगळे घरचेच. पाम्प्लेटवर सगळ्यात मोठं नाव पाटलांचं, त्याखाली सरपंच, त्याखाली दोन शाळामास्तर. आमच्या टेलर मास्तरांचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत, मंडप डेकोरेशनच्या जरा वर. नाटक मात्र टेलर मास्तरच बसवायचे. धान निसवलेलं असायचं, कापणीला अवकाश असायचा, तेवढ्या फटीत शाळेच्या वऱ्हांड्यात रात्रीच्या तालमी. आता पंचाईत अशी की शेतातल्या मोटारीची लाइन यायची रात्री. ज्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी हवं, तो तालमीला कसा बसणार?

मास्तरांची एक लांबट वही होती, कपड्यांची मापं लिहितात तसली. डाव्या पानावर गिऱ्हाइकांची मापं, उजव्या पानावर नाटकाचे प्रवेश. प्रत्येक प्रवेशापुढे वेळ आणि वेळेपुढे पात्रांची नावं. प्रवेश नाटकाच्या क्रमाने घ्यायचेच नाहीत. ज्यांना लाइनीवर जायचं त्यांचे आधी, घरी म्हातारं माणूस आजारी असलेल्याचा त्यानंतर, नायक-नायिकेचे सगळ्यात शेवटी. नायकाला काय, त्याला तसंही आरशापुढून उठवत नाही. हवालदाराचं काम करणारा अख्ख्या नाटकात दोनदा यायचा. त्याला मास्तर म्हणायचे, "तू जाय, पानी पाहून ये. तुहा पार्ट दहा वाजता आहे. उगाच बसून राहू नोको." आणि दहाला त्याचा पार्ट असायचाच. नाटकाच्या रात्री मास्तर विंगेत कंदिलापाशी तीच वही घेऊन प्रॉम्प्टिंग करत. टाळ्या पाटलांनी घेतल्या.

आता आमच्या ऑर्केस्ट्राकडे येते. जुने संचालक बरीच वर्षं राहून निवृत्त झाले, आणि नवा माणूस शोधायची वेळ आली. इथली रीत अशी की अर्ज चाळून मोजके उमेदवार निवडायचे, आणि पुढच्या हंगामातली एकेक मैफल एकेकाला द्यायची, तालमींसकट. नंतर वादकांकडून फॉर्म भरून घ्यायचे.

पहिले गृहस्थ दिसायला, बोलायला एकदम छाप पाडणारे. देणगीदारांच्या चहापानात त्यांनी सगळ्यांना खिशात टाकलं. त्यांच्याकडे संगीतकार ड्वोरझाकची नववी सिम्फनी होती, न्यूयॉर्कला १८९३ मध्ये पहिल्यांदा वाजलेली. नितांत सुंदर रचना आहे, ऐकली नसेल तर ऐका. पण तिच्यात टुबावाल्याला, म्हणजे खर्जातलं भलंमोठं पितळी वाद्य फुंकणाऱ्याला, काम आहे फक्त दुसऱ्या भागात, तेही मोजक्या स्वरांचं. झांजवाल्याला तर चौथ्या भागात एकच टोला. हे गृहस्थ चार ओळी वाजवून थांबवायचे आणि ड्वोरझाक अमेरिकेत कुठे राहिला, काय खायचा, हे सांगायचे. फार छान सांगायचे. मी मागे बसून ऐकत होते आणि टुबावाल्याकडे बघत होते. हा मनुष्य गोदामात रात्रपाळी करतो. मांडीवर तेवढं मोठं पितळ घेऊन तो पहिला भाग संपायची वाट बघत बसला. पहिला भाग संपलाच नाही. ब्रेक झाला तसा तो वाद्य पेटीत भरून कामावर गेला. त्या संध्याकाळी त्याने एक स्वर वाजवला नव्हता.

शेवटच्या उमेदवार एका शाळेत बँड शिकवणाऱ्या बाई. बोलणं कमी, कपडे साधे, चहापानात कोपऱ्यात उभ्या. त्यांच्याकडे ब्राम्सची पहिली सिम्फनी आली. तिच्यात तिन्ही ट्रॉम्बोन, हीसुद्धा पितळी फुंकवाद्यंच, थेट चौथ्या भागात येतात, तोवर मुकाट बसायचं. बाईंचा ईमेल तालमीच्या आठवडाभर आधी आला: कोणत्या वेळेला कोणता भाग, कुणी कधी यायचं, कुणी कधी गेलं तरी चालेल. चौथा भाग सर्वांत आधी. ट्रॉम्बोनवाले आले, वाजवलं, दमले, आणि मुलांना झोपवायला वेळेत घरी पोचले. मला तो ईमेल वाचताना टेलर मास्तरांच्या वहीचं उजवं पान दिसत होतं.

कार्यकारिणीत यावर रण माजलं. निम्म्यांना पहिले गृहस्थ हवे होते, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. त्यांच्या मैफलीत ऑर्केस्ट्रा खरंच चांगला वाजला होता, हॉल भरला होता. वादकांच्या फॉर्मवर मी एक प्रश्न मुद्दाम घालायला लावला होता: 'या व्यक्तीच्या हाताखाली पुढच्या वर्षी दर आठवड्याला तालमीला याल का?' त्याची उत्तरं वाचून दाखवली आणि वाद बाईंच्या बाजूने मिटला. म्हणजे बैठकीत मिटला. एका देणगीदारांनी हात आखडता घेतला, तो खड्डा अजून बुजलेला नाही. पण त्या रात्रपाळीवाल्याने फॉर्मच भरला नव्हता, आणि त्याची मला जास्त धास्ती वाटली होती.

वादकांना एवढं विचारायचं कशाला, असं मला इथल्याच काही मंडळींनी विचारलं होतं. अहो, मोठ्यामोठ्यांकडे हीच रीत आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकला १९३३ पासून कायमचा संचालकच नाही. वादकच कारभार बघतात आणि पाहुणे संचालक बोलावतात. बर्लिन फिलहार्मोनिकचे वादक आपला प्रमुख संचालक मतदानाने निवडतात. २०१५ मध्ये त्यांची ११ तास बैठक चालली आणि काहीच ठरलं नाही. नाव ठरलं पुढच्या महिन्यात. हे वाचल्यापासून मला आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेबद्दल काही वाटेनासं झालंय. उलट मॉस्कोत १९२२ मध्ये काही मंडळींनी संचालक नकोच म्हणून पर्सिम्फान्स नावाचा ऑर्केस्ट्रा काढला. गोल करून बसायचे, एकमेकांकडे बघून वाजवायचे. वाजवायचे उत्तम, पण प्रत्येक गोष्ट सगळ्यांनी मिळून ठरवायची म्हणून तालमी फार लागायच्या. १९३२ मध्ये तो बंद झाला. आमच्या दंतवैद्यांना असला समतावाद परवडणारा नाही. काठी हवीच. फक्त ती धरणाऱ्याने घड्याळही बघावं.

जाता जाता एक गंमत. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो १९३५ मध्ये, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला तोही १९३५ मध्येच. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण इकडे व्हायोलिन आणि तिकडे खंजिरी, दोघांनी त्याच साली माणसं एकत्र बसवायला घेतली, हे वाचून मला आपलं बरं वाटलं. पुढे मेहली मेहता लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा त्यांनी १९६४ पासून ३३ वर्षं चालवला. जगाला झुबिन मेहता माहीत आहेत. कार्यकारिणीत बसणाऱ्या माझ्यासारखीला त्यांच्या वडिलांच्या त्या ३३ वर्षांचं जास्त अप्रूप वाटतं, कारण शिकाऊ पोरं दरवर्षी निघून जातात आणि दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वेळ झाली, चिठ्ठी आली आहे. एक कामाचं सांगून खाली बसते. मागच्या मैफलीत एक नवी रचना होती, तिची भाड्याची पानं महिनाअखेर परत धाडायची आहेत, आणि त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा अजून पुसायच्या आहेत. ग्रंथपाल एकटे आहेत. येत्या रविवारी दुपारी दोन ते चार, चर्चच्या तळघरात. स्वरलिपी वाचता आली नाही तरी चालेल, मलाही येत नाही. खोडरबर मी आणते, चहा मी करते, आणि चार वाजता सोडते म्हणजे चारला सोडते. ज्यांना जमेल त्यांनी दारापाशी नाव लिहून जा.