उभा पत्ता

सिमल्याला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नकाशात बघून खोली घेतली होती. रेल्वे स्टेशनपासून सहाशे मीटर. म्हटलं, सहाशे मीटरला कशाला गाडी, चालतच जाऊ. स्टेशनाबाहेर एका हमालाला पत्ता दाखवला. त्यानं कागद वाचला, आमच्या दोन बॅगांकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं आणि बोट सरळ आभाळाकडे केलं. सहाशे मीटर होते हे खरं, पण त्यातले शंभरेक मीटर उभे होते. खोलीवर पोचेपर्यंत बायको माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

त्या दिवशी कळलं ते एवढंच, की डोंगरावरच्या शहरात अंतर विचारून उपयोग नसतो. तिथली माणसं विचारतात, घर रस्त्याच्या वर की खाली? या एका प्रश्नात भाडं येतं, पाणी येतं, ऊन येतं, बऱ्याचदा जातही येते. आजचं माझं बोलणं या वर-खालीबद्दल आहे.

सिमला डोंगराच्या एका धारेवर बसलंय, साधारण 2,200 मीटरवर. धारेचा सगळ्यात सपाट तुकडा म्हणजे रिज. चर्च तिथे, फोटो काढणारे तिथे, घोडेवाले तिथे. गंमत अशी, की रिजच्या दक्षिणेला पडलेला पाऊस यमुनेतून बंगालच्या उपसागराला जातो आणि उत्तरेला पडलेला सतलजमधून अरबी समुद्राकडे. आणखी एक गोष्ट पर्यटकांना माहीत नसते. ते जिथे उभे राहून आइस्क्रीम खातात त्या फरशीखाली इंग्रजांच्या काळातली पाण्याची मोठी टाकी आहे. गुम्म्यासारख्या खालच्या दरीतून पाणी हजार मीटरहून जास्त वर चढवायचं, या माथ्यावर साठवायचं आणि मग उतारानं शहरात सोडायचं. गावाचं पाणी गावाच्या डोक्यावर. 2018 च्या उन्हाळ्यात हे गणित कोलमडलं आणि लोक आठवडा-आठवडा टँकरची वाट बघत बसले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल.

रिजवरून एक पायरी उतरलं की मॉल, म्हणजे मॉल रोड. 1864 साली सिमला इंग्रजांची उन्हाळी राजधानी झाली आणि पुढे मॉलला थाट आला. साहेबाची दुकानं, नाटकघर, पोस्ट. तिथे गाडीला बंदी होती, मोजक्या दोन-तीन बड्या अधिकाऱ्यांची सोडून. आजही मॉलवर साधी गाडी येत नाही. मग मडमा कशा फिरायच्या? माणसांनी ओढलेल्या रिक्षात. चढावर ती ओढायला एक माणूस पुरत नसे, चार-पाच लागत. हे लक्षात ठेवा, याच्याकडे पुन्हा येणार आहे.

मॉलवरून खाली जाणारे जिने आहेत. रुंद नाहीत, सरळही नाहीत. पन्नास-साठ पायऱ्या उतरलात की हवाच बदलते. मिडल बाजार, त्याच्या खाली लोअर बाजार. वर कोट आणि शाली मांडलेल्या, इथे डाळी, कुकरच्या शिट्ट्या, शाळेचे गणवेश, शिवणयंत्रं. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या दुकानदारांना सुट्ट्या पैशांची अदलाबदल करायला उठावं लागत नाही. सिमला राहतं ते इथे. मॉलवर ते फिरायला जातं.

या बाजूच्या घरांची रचना सपाटीवरून गेलेल्या माणसाला चक्रावून टाकते. रस्त्यावरून दार उघडून तुम्ही आत जाता तो चौथा मजला असतो. घरमालक म्हणतो, 'चला, खाली झोपायच्या खोल्या आहेत.' तिसरा, दुसरा, असं करत तुम्ही उतरत जाता आणि पहिल्या मजल्याचं मागचं दार दुसऱ्याच रस्त्यावर उघडतं, दुसऱ्याच नावाच्या. तळमजला कुठला म्हणायचा, यावर मी एका घरात बापलेकांचं भांडण ऐकलंय.

आणखी खाली कार्ट रोड. बैलगाड्या इथपर्यंत यायच्या, आता बस येतात. मॉलवर जे नको ते सगळं इथे ढकललेलं आहे: धूर, हॉर्न, पार्किंग, भाजीचे ट्रक. इथून वर जायला लिफ्ट आहे, दोन टप्प्यांची. तिच्या रांगेत उभं राहिलात तर अर्धा तास जातो, पण गाव कळतं. गुडघे धरलेल्या आज्या, नवी नवरी, ऑफिसला उशीर झालेला कारकून.

ज्याला लिफ्टमधून माल नेता येत नाही त्याच्यासाठी 'खान' आहेत. काश्मिरातून येणाऱ्या हमालांना इथे सगळे खानच म्हणतात. एका खानाच्या मागे मागे मी कार्ट रोडपासून मिडल बाजारापर्यंत गेलो. त्याच्या पाठीवर कपाट होतं, लोखंडी, दोरानं बांधलेलं. मला वाटलं होतं हा थकला की ओझं खाली टेकवेल. त्यानं एकदाही टेकवलं नाही. एकदा खाली ठेवलं की एकट्याला पुन्हा पाठीवर घेता येत नाही ना. जिन्यालगतच्या जुन्या दगडी भिंतीचा माथा एका जागी बरोबर त्याच्या कमरेच्या उंचीला येत होता. तिथे त्यानं पाठ फिरवली, कपाटाचा तळ भिंतीवर ठेवला, दोर पाठीवर तसाच, आणि उभ्या उभ्या श्वास घेतला. पुन्हा वीसेक पायऱ्या, पुन्हा तसाच एक कट्टा. त्याच्या डोक्यात शहराचा एक वेगळाच नकाशा होता, टेकण्याच्या जागांचा.

कार्ट रोडच्याही खाली वस्ती आहे. कृष्णानगर. शहर झाडणाऱ्यांची, साफ करणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या या उतारावर आहेत. वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी, पावसाचं आणि बिनपावसाचं, इकडेच उतरतं. ऑगस्ट 2023 मध्ये पाऊस थांबेना तेव्हा इथली घरं पत्त्यांसारखी घसरली. त्याच्या आदल्याच दिवशी पलीकडे समरहिलला शिवमंदिरावर दरड आली होती, वीस माणसं गेली. दरड वरचा-खालचा बघत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. नाल्याच्या तोंडाशी घर कोणाच्या वाट्याला येतं, हे दरड येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

आतापर्यंत आपण दक्षिणेच्या, उन्हाच्या बाजूनं उतरलो. आता रिज ओलांडून उत्तरेला या. लक्कड बाजार. पंजाबातून आलेल्या सुतारांनी वसवलेला, लाकडी खेळण्यांचा आणि काठ्यांचा. हिवाळ्यात रिजवरून इकडे वळलं की कोट पुन्हा चढवावा लागतो. याच सावलीत स्केटिंगचं मैदान आहे. 1920 साली कोणा इंग्रजानं टेनिस कोर्टावर पाणी सोडलं, रात्रीत ते गोठलं, आणि तेव्हापासून थंडीत तिथे नुसत्या गारठ्यानं बर्फ होतो. तेच पाणी लोअर बाजारात सोडलं असतं तर दुपारपर्यंत गटारात गेलं असतं. एकाच धारेच्या दोन कुशी आहेत या, चालत दहा मिनिटांच्या. लक्कड बाजाराची जमीन मात्र खचतेय, वर्षानुवर्षं.

छोटा सिमल्यात सचिवालय, संजौलीत विद्यार्थी आणि एकमेकींना खेटलेल्या सिमेंटच्या इमारती. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे, पण वेळ नाही.

आता रिक्षा ओढणाऱ्यांकडे परत येऊ. सिमल्यात साहेब वर आणि बाजार खाली. यावरून कोणी म्हणेल, उंचावर राहायची माणसाला हौसच असते. तर मग बोलिव्हियातलं ला पाझ बघा. तिथे बरोब्बर उलटं आहे. शहर खोलगट दरीत, मध्यभाग 3,600 मीटरच्या आसपास. श्रीमंत वस्त्या आणखी खाली, दक्षिणेकडे, जिथे वारा कमी आणि ऊब जास्त. वर काठावर, 4,100 मीटरवरच्या उघड्या पठारावर एल आल्तो, गावाकडून आलेल्या आयमारा या मूळनिवासी लोकांचं, आता स्वतंत्र शहर. तिथे श्वास पुरत नाही, वारा हाडात शिरतो, म्हणून जागा स्वस्त. 2014 साली दोन्ही शहरांना जोडणारा रोपवे सुरू झाला. तोवर खाली कामाला येणाऱ्यांचे तास वळणावळणाच्या रस्त्यावर मिनीबसमध्ये जायचे.

सॅन फ्रान्सिस्कोत टेकड्यांचे माथे आधी कोणाला फारसे नको होते. 1873 मध्ये जमिनीखालच्या तारेनं ओढली जाणारी ट्राम आली आणि नॉब हिलवर धनाढ्यांचे वाडे उभे राहिले. हाँगकाँगच्या शिखरावर तर 1904 च्या कायद्यानं चिनी माणसाला राहायलाच मनाई केली. तिथे 1888 पासून ट्राम होती, त्याआधी साहेब पालखीतून जात. म्हणजे माथा महाग कधी होतो? चढ दुसऱ्यानं चढायचा असतो तेव्हा. मग तो दुसरा माणूस असो, तार असो की इंजिन.

हाँगकाँगमध्येच आता उतारावरच्या वस्तीसाठी सरकते जिने आहेत, आठशे मीटरहून लांब, 1993 पासून. सकाळी दहापर्यंत ते फक्त खाली जातात, नंतर मध्यरात्रीपर्यंत फक्त वर. सकाळी ऑफिसला जाणाऱ्याची सोय. सकाळी सातला वरच्या घरात स्वयंपाकाला जाणारी बाई शेजारच्या साध्या पायऱ्यांनी चढते.

मागच्या वर्षी मी पुन्हा सिमल्याला गेलो. तो जिना शोधला. नवा केलाय, चांगला केलाय, फरशा बसवल्या आहेत, दिवे आहेत, आणि जुनी दगडी भिंत काढून स्टीलचे गोल चकचकीत कठडे लावले आहेत. एक खान सिमेंटची दोन पोती घेऊन येत होता. त्या वळणावर त्याची पाठ सवयीनं अर्धी फिरली. मग तो पुन्हा सरळ झाला आणि चालत राहिला.