वाळवलं की मेलं

[दृश्य : ट्रेमधलं बी, अगदी जवळून]

हे क्रिनमचं बी. क्रिनम म्हणजे कंदातून उगवणारं, लिलीसारखी फुलं येणारं झाड. हिरवट, ओबडधोबड. ना खाली माती, ना वरून पाणी, तरी कोंब बाहेर आलाय.

एरवी बीला टरफल असतं, त्याच्या आत ते पावसाची वाट बघत पडून राहतं. याला टरफलच नाही. वर बुचाचा पातळ थर, आत अन्न आणि पाणी. तेवढ्यावर ते पडल्या पडल्या रुजतं, कधी कधी तर फळातच. दुसऱ्या दुर्मीळ झाडांचं बी वाळवून बीजपेढीत उणे १८ अंशांवर ठेवता येतं. हे वाळवलं की मेलं. जात राखायची तर झाडच जिवंत ठेवायचं.

[दृश्य : कोंब खाली वळतो]

बीतून निघालेली ही नळी बघा. ती खाली वळते आणि कोंबाला मातीत नेऊन सोडते. कंद धरतो तो तिच्या टोकाशी, बीपासून दूर. ट्रे उथळ घेऊ नका, हे रोपवाटिकेतल्या मावशी म्हणूनच सगळ्यात आधी सांगतात.

[दृश्य : गणेशखिंड बाग, पुणे]

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बाग जी. मार्शल वुड्रो बघत; पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या नावाची क्रिनम वुड्रोवी ही जात महाराष्ट्राबाहेर कुठेच नाही. नाव मिळालं, आणि पुढे शंभरेक वर्षं ती कुणाला दिसलीच नाही. या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा सापडली, महाबळेश्वरला केट्स पॉइंटच्या बाजूला. नेमका कडा आम्ही दाखवत नाही. कंद उकरून नेणारे हौशी लोकही व्हिडिओ बघतात.

[दृश्य : सुरी, कंद]

कंदापासूनही रोपं होतात. कंद आडवा नाही, उभा चिरायचा. प्रत्येक फोडीला तळाची चकती थोडी तरी लागून हवी, ती नसेल तर फोड नुसती कुजते. बुरशीनाशकात बुडवून, ओलसर कोकोपीटमध्ये ठेवली की दोन पापुद्र्यांच्या मधून बारीक कंद फुटतात. हा कंद बागेतल्या नेहमीच्या जातीचा आहे. सुरीचा सराव दुर्मीळ कंदावर कोण करेल?

पण अशी शंभर रोपं केली तरी मूळ झाड एकच. एकाला जो रोग मारेल, तो सगळ्यांनाच मारेल.

[दृश्य : कुंचल्याने परागण]

म्हणून हा खटाटोप. एका झाडाचे परागकण दुसऱ्याच्या फुलावर. दोन्ही एकाच वेळी फुलायला हवीत, आणि ज्यावर ती फुलतात तो वळवाचा पाऊस काही विचारून येत नाही.

डोंगरावर वणवे आहेत, गुरं आहेत, गाड्या आहेत.

[दृश्य : शेडनेटखाली कुंड्या]

ही रोपं काही पावसाळे इथेच वाढतील. कंद जाड झाले की वर नेऊन लावायची. त्याला वनखात्याची परवानगी लागते. अर्जाचे कागद आत्तापासूनच जमवणं चालू आहे.